देवकाबाईचे दात आणि भुऱ्याचं शिंग

अंगण अर्धंच सारवून झालं होतं. ओसरीपासून तुळशीपर्यंत ओलं, हिरवट, बोटांच्या चंद्रकोरी उमटलेलं. तुळशीपासून फाटकापर्यंत अजून कोरडी धूळ. देवकाबाई पुन्हा शेणाच्या घमेल्यात हात घालणार, तोच फाटकाशी मोटारसायकल थांबली. तिनं आधी मनगटानंच पदर ओठांवर ओढला आणि मग हात धुवायला उठली.

इन्शुरन्सकडून तपासणीला माणूस येणार, हे खुमेंद्रनं फोनवर कळवलं होतं. खुमेंद्र तिचा मुलगा, नागपूरला खासगी कंपनीत. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये त्यानं आईबापांची नावं घातली होती, म्हणून तर हा खटाटोप. देवकाबाईचे वरचे पुढचे चार दात पोळ्याच्या वेळी गेले होते, त्याला आता धानकापणी उलटली. गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिरडीच्या हाडात स्क्रू रोवायचे आणि त्यावर दात बसवायचे, इम्प्लांट म्हणतात त्याला. खर्च ऐकून तिचा नवरा हिरालाल म्हणाला होता, एवढ्यात बरी बैलजोडी येते. इन्शुरन्सचा नियम मात्र कडक. दात किडून पडले तर एक पैसा नाही, अपघातात तुटले तरच.

भिंतीपलीकडच्या सुशिलाबाईला हे सारं थेर वाटे. "भाताच्या मुलकात दात कायले लागते वं? पेज पी न् रामाचं नाव घे." ती स्वतः सकाळ-संध्याकाळ दातांना तंबाखूचा गुडाखू घासायची आणि तिचे दात मजबूत होते. देवकाबाईनं जन्मात गुडाखूला बोट लावलं नव्हतं. देवाचा हिशेब माणसाला कळत नाही, एवढंच म्हणायचं.

पण नाव घ्यायचीच तर पंचाईत होती. गावच्या, म्हणजे कामठ्याच्या, भजन मंडळात वर्षानुवर्षं पहिली ओळ देवकाबाई उचलायची. पोळ्यापासून ती मागे बसून नुसती झांज वाजवत होती. दात नाहीत, शब्दातून हवा जाते, असं ती सांगे. तेही अर्धंच खरं होतं. मंडळात बसलं की दवाखान्यात आपण काय बोललो, ते तिला आठवे.

झालं होतं असं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती गुरांच्या कोठ्यात भुऱ्या बैलाची खांदमळणी करत होती. हळद-तूप लावून, पळसाच्या पानानं खांदा चोळत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं रीतीप्रमाणे म्हणत होती. भुऱ्याच्या डोळ्याशी माशी बसली. त्यानं मान झटकली आणि शिंग खालून वर देवकाबाईच्या तोंडावर आलं. कोठ्यात दुसरं कोणी नव्हतं.

भुऱ्याची आई तो वासरू असतानाच मेली होती. देवकाबाईनं त्याला पेज पाजून वाढवला होता. पण यंदाच्याच आषाढात त्यानं गडी छोटेलालला चिखलात लोळवलं होतं, आणि हिरालाल चार माणसांत बोलून बसला होता की आता कोणाला लागला तर सरळ बाजार दाखवतो. हिरालाल बोलल्याला जागणारा. मारक्या बैलाला बाजारात कोण घेतं आणि कशासाठी घेतं, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही.

म्हणून गोंदियाच्या दवाखान्यात तोंडाला पदर दाबून ती म्हणाली, "फिसल गई, कोठे में." घरात पोवारी, गावात झाडी आणि गोंदियात हिंदी, अशी तिची बोलायची सवय. हिंदीत बोललेलं खोटं तिला तेव्हा परक्याचं वाटलं होतं. पुढे तसं वाटेना.

तपासणीला आलेल्याचं नाव मनिराम. उतारवयाचा, सावकाश बोलणारा. तो कोरड्या बाजूनं जपून आला, खाटेच्या काठावर बसला. हिरालाल ओसरीत दोर वळत होता, तो वळतच राहिला. मनिरामनं चहा घेतला, पाऊसपाण्याचं विचारलं आणि मग मुद्द्यावर आला. पडल्यावर दात आत ढकलले जातात, तुमचे खालून उचकटले आहेत, असं दातांच्या डॉक्टरांनीच लिहिलंय. आमच्या साहेबांना शंका आहे की दात आधीच किडून हलत होते.

"तुम्ही पडली म्हणाल तर मी पडली लिहीन," तो म्हणाला. "पण मंग दात भेटनार नाही. काही लागलं असन, एखाद्या जनावराचं, तं तो अपघातच होते बाई."

देवकाबाईनं कोठ्याकडे पाहिलं नाही. ओसरीकडेही नाही. तुळशीकडे पाहत तिनं तोंडावरचा पदर खाली केला.

"शिंग लागलं जी. बैलाचं. मी खांदा मळून राहिली होती, माशी बसली, त्यानं मान झटकली. मारलं नाही त्यानं. लागलं."

दोर वळणारे हात थांबले. मनिराम ते लिहून घेऊ लागला.

"पोळ्याच्या सकाळी शिंगाले रंग लावाले गेलो," हिरालाल म्हणाला, "तं वाळलेलं रगत होतं. धुतलो न् वरून रंग लावलो."

"मंग बोलले काऊन नाही?" देवकाबाईनं विचारलं.

"बोललो असतो तं इकावा लागला असता."

भिंतीवरून सुशिलाबाईचं डोकं वर आलेलंच होतं. "मंग भाऊजी, बाजाराले कवा चालले जी?"

"गुरुवारी," हिरालाल म्हणाला. "भुऱ्याची सरकी-ढेप सरली, आनाले जातो." आणि त्यानं दोराला पुन्हा पीळ दिला. जन्मात पहिल्यांदा तो आपल्या शब्दावरून मागे फिरला होता. गाव आता त्याला वर्षभर हेच ऐकवणार होतं.

मनिरामनं निघताना बजावून सांगितलं, दवाखान्याच्या कागदावर 'घसरून पडल्या' असं आहे. ज्या डॉक्टरांनी लिहिलं, त्यांच्याचकडून दुरुस्त करून आणा. त्याशिवाय मंजूर होणार नाही, आणि आणूनही होईलच असं मी म्हणत नाही. डॉक्टर विचारतील तेव्हा का खोटं बोललात, तेही तुम्हालाच सांगावं लागेल.

देवकाबाई हो म्हणाली. घमेल्यातलं शेण वरून सुकलं होतं. तिनं पाण्याचा हबका मारून ते पुन्हा कालवलं आणि तुळशीपासून पुढचं अंगण फाटकापर्यंत सारवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या काळीपिवळी जीपनं ती गोंदियाला जाणार होती, दवाखान्याच्या डॉक्टरांकडून कागद दुरुस्त करून आणायला.