एकोणीस मिनिटांचा लॅपटॉप

दुपारी बाराला लॅपटॉप पुन्हा विझला. ना आवाज, ना सूचना. पडदा एकदम काळाठिक्कर. विजयमालानं कॅलेंडरच्या पाठीवर पेनानं लिहिलं : पलंगावर, एकोणीस मिनिटं.

दोन वाजता मुलाखत होती. दहिवडीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा निघाली होती. गेल्या गुरुवारी संस्थेच्या बाईंनी नाव विचारलं आणि ही आडनावापर्यंत पोचायच्या आतच यंत्रानं मान टाकली. विनवण्या करून तिनं दुसरी वेळ मागून घेतली होती. मोबाइल चालणार नव्हता, कारण एक पत्र त्यांच्यासमोर टाईप करून दाखवायचं होतं. आज विझला तर जागा दुसरीला, हे बाईंनी स्पष्ट सांगितलेलं.

विजयमाला माणदेशातली. बारावी झाली न झाली तोच फौजी नवऱ्याच्या, संभाजीच्या मागं निघाली आणि वीस वर्षांत सात गावं पालथी घातली. नवरा सीमेवर असला की कूलरची मोटर, मिक्सरचं बटण, सगळं तिनंच खोललं, तिनंच जोडलं. मधल्या काळात मुक्त विद्यापीठाची पदवीही काढली. जयपूरच्या छावणीतलं हे शेवटचं क्वार्टर. संभाजी सप्टेंबरात फौजेतून सुटणार होता. आजवर घर हललं ते नवऱ्याच्या बदलीनं. एकदा तरी ते आपल्या कामानं हलावं, एवढीच तिची ईर्षा.

"चार्जर गंडलाय," संभाजी म्हणाला. फौजी ट्रकांची इंजिनं खोलण्यात त्याची अख्खी नोकरी सरली होती.

"चार्जर काढून बघितला. तरीबी पडला बंद. लिवलंय बगा."

"मग बॅटरी."

"मरताना साठ टक्के दावत हुती."

"मग शास्त्रीनगरच्या दुकानात टाकू."

"त्यो भैया सोमवारी या म्हणतोय. सोमवारपत्तुर मुलाखत थांबती व्हय?"

बाहेर लू, उन्हाळ्याचा तापलेला वारा, सुटली होती. कूलर घरघरत होता. विजयमाला कागदावर बोट फिरवत बसली. पलंगावर एकवीस. टेबलावर बावीस. ओट्यावर एक्कावन्न. पुन्हा पलंगावर, एकोणीस.

ओट्यावरच एवढा कसा टिकला? त्या दिवशी ती भजी तळत होती. वाकळीवर तेल उडेल म्हणून ती लॅपटॉपवरनं काढून ठेवली होती.

ती वाकळ तिनंच शिवलेली. गेल्या साली पहिल्या आंधीत कळांमध्ये वाळू करकरली, तेव्हा आईच्या जुन्या लुगड्याचे चार पदर घालून तिनं यंत्राला बेतून अंगरखाच केला. कळा आणि पडदा उघडा, बाकी खालून-बाजूनं सगळं बंद. शेजारच्या दोघींनी तसलीच मागून नेली होती. तिनं वाकळीत हात घातला आणि झटक्यानं बाहेर काढला. खालची बाजू तव्यागत तापलेली.

"अवो, तुमच्या ट्रकाला म्होरनं वाकळ बांधली तर?"

"येडी का काय? रेडिएटर उकळंल, इंजिन..." संभाजी मधेच थांबला.

"जळू ने म्हणून सोताच बंद पडतंय बिचारं. आन् आपुन त्याला बाळंतिणीगत गुंडाळलंय. आणा पेचकस."

चार्जर काढला. स्क्रू वाटीत पडले. झाकण निघालं, तर पंख्याच्या तोंडाशी लुगड्याचे दोरे आणि बारीक वाळू यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला. संभाजीनं फुंकर मारायला गाल फुगवले.

"थुका उडंल! सरका."

काडीनं पाती धरून तिनं कोरड्या ब्रशनं सगळं झाडून काढलं. झाकण लावलं. बटण दाबलं. काही नाही.

"बसला बग कायमचा," संभाजी पुटपुटला.

तिनं ओठ आवळून बटण दाबून धरलं, सोडलं, परत दाबलं. पडदा उजळला तेव्हा दीड वाजून गेला होता. चालवून बघावा तर मुलाखतीआधीच तापायचा. तिनं तो बंद केला आणि टेबलावर मांडलेल्या दोन पाटांवर कडा टेकवून, खाली मोकळी हवा सोडून ठेवला.

दोनला पडद्यावर बाई आणि एक चष्मेवाले सर आले.

"बाई, आधीच सांगते. माझं यंत्र तापलं की बंद पडतंय. आत्ताच खोलून साफ केलंय, पण खात्री एकोणीस मिनिटांचीच. महत्त्वाचं आधी विचारा."

सर हसले. "वसतिगृहात असं काही बिघडलं तर?"

"मिस्त्रीची वाट बघत बसणार न्हाई. कवा, कुठं, किती वेळ चाललं ते लिवून काढते. मग हात घालते."

प्रश्न येत गेले. पत्र टाईप करताना तिची नजर कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. दोन अठरा. एकोणीस. बोटं अडखळली. वीस. दाराआड संभाजी उभा. दोन एकतीसला पत्र गेलं. बाईंनी ते वाचलं, सरांशी हळू आवाजात काही बोलल्या.

"रुजू कधी होता येईल?"

"येत्या एक तारखेला," विजयमाला म्हणाली.

दाराआडून संभाजीनं हातवारे केले : आन् मी? सप्टेंबरपत्तुर?

तिनं त्याच्याकडं न बघता, टेबलाखालून हातानंच त्याला खाली बसायला सांगितलं.