साडूंच्या डोंगरावरचा अळीव

माझ्या थोरल्या साडूंइतका मन लावून चुका करणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. तुम्ही-आम्ही चुकतो ते घाईत नाहीतर आळसाने. साडू चुकतात ते पूर्ण अभ्यास करून, वहीत आकृती काढून आणि फूटपट्टी हातात धरून. औषधांच्या गोदामातली नोकरी संपली आणि महिन्याभरात त्यांनी एक इंजिन, दोन डबे आणि रूळ असलेली छोटी आगगाडी घरी आणली. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नाही, मॉडेल म्हणायचं. गाडी पहिल्याच दिवशी प्लायवूडच्या फळीवर गोल गोल धावली. पण ही जाते कुठून, हिच्या बाजूला डोंगर कुठे आहेत, झाडं कुठे आहेत, असे प्रश्न साडूंना पडले आणि तिथून त्यांच्या घराची वाट लागली.

असं मॉडेल म्हणे खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान असतं. हा आकडा डोक्यात शिरल्यापासून साडू साऱ्या जगाला सत्त्याऐंशीने भागू लागले. एका लग्नात नवरदेवाला आहेर देताना त्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "दोन सेंटिमीटरला जरा कमीच भरेल." झाडांसाठी त्यांना घोसाळ्याची वाळकी जाळी हवी होती. बाजारात ते कोवळी घोसाळी बाजूला सारून सुकलेली वेचू लागले, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "काका, त्याची भाजी नाय होणार. फार तर अंग घासा." "भाजी नको गं, जंगल करायचंय," साडू म्हणाले. त्या दिवसापासून ती त्यांना काळजीपोटी कोथिंबीर फुकट देते. मातीसाठी त्यांनी चहाचा चोथा गच्चीवर वाळत घातला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण ओढवून घेतलं. रुळांखालची खडी म्हणून करड्या रंगाची जाड रांगोळी पसरली, पण डिंक सोडायच्या आधी घाम आला म्हणून पंखा लावला. सगळी खडी उडून आमटीत. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पातेल्यात बघत राहिली. "अहो, आता हे जेवायचं कसं?" तिने विचारलं. साडू म्हणाले, "खडी अजून जाड हवी होती."

मी त्यांची भरपूर थट्टा केली. घरी गेलो की "जंगल खातं किती वाजेपर्यंत उघडं असतं?" असं विचारायचो. पण हा सगळा खटाटोप कशासाठी आहे ते कळलं, तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं. साडूंची थोरली बहीण, आक्का, घाटकोपरला मुलाकडे राहते. गुडघ्यांमुळे सहा वर्षं तिला गावी जाता आलेलं नाही. कोकणातलं घर बंद, आणि आक्का रोज त्या घराबद्दल बोलणार. साडूंनी तिला फोनवर शब्द दिला होता, "यंदा भाऊबीजेला माझ्याकडे ये. ओवाळणीत तुला गाव दाखवतो." तेव्हापासून फळीवर त्यांच्या गावचं छोटं स्टेशन उभं राहत होतं. लाल मातीचा उतार, मागे डोंगर, वर काड्यापेटीएवढं कौलारू घर.

राहिलं होतं फक्त गवत. दुकानात त्यासाठी हिरवी भुकटी मिळते, मी आणून देतो म्हटलं, तर साडू चिडले. "आक्काने आयुष्यभर गवत कापलंय रे. तिला खोटं गवत दाखवू?" मग त्यांना लहानपणचा दिवाळीचा किल्ला आठवला. किल्ल्यावर आपण अळीव पेरायचो, चार दिवसांत डोंगर हिरवागार व्हायचा. तसाच त्यांनी इथेही पेरला आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. किल्ला अंगणात असायचा, हा प्लायवूडवर आहे, एवढं मात्र वहीत लिहायचं राहिलं.

भाऊबीजेच्या सकाळी मी पोचलो तर साडू फळीसमोर डोकं धरून बसलेले. चहाच्या चोथ्यावर अळीव असा माजला होता की स्टेशन दिसेना, घराचं नुसतं कौल वर होतं. "पाच सेंटिमीटर म्हणजे चौदा फूट गवत झालं रे," ते म्हणाले. कात्री लावली तर मुळासकट डोंगरच उचलून यायचा. त्यात पाण्याने प्लायवूड फुगून स्टेशनपाशी रुळाला उंचवटा आला होता, आणि सकाळपासून गाडी तिथे पोचली की बंद पडत होती. "आता तिला काय दाखवू?" त्यांनी विचारलं. मी खिशातला रुमाल काढून फळीवरचं पाणी टिपू लागलो.

तेवढ्यात आक्का काठी टेकत आली. खुर्ची ओढून फळीजवळ बसली. चष्मा पुसला, पुन्हा लावला. ओल्या मातीचा आणि अळिवाचा वास घेत बराच वेळ बघत राहिली. साडू सगळ्या चुका एका दमात सांगायला तोंड उघडणार, इतक्यात ती म्हणाली, "ह्यां आपलांच गाव. सहा वर्सां कोणी गेलां नाय, रान इतक्यांच वाढलेलां असतला." मग तिने गवतात बोट घालून ते हळूच बाजूला केलं आणि आतलं दार सापडेपर्यंत थांबली नाही.

साडूंनी घाबरत घाबरत गाडी सुरू केली. इंजिन वळण घेऊन गवतात शिरलं, तशी आक्का पुढे झुकली. "थांबव रे, थांबव, माका हयसर उतरूचा आसा!"

गाडी थांबली. साडूंचा हात बटणापासून वीतभर लांब होता, ते मी पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपली चूक कोणाला समजावून सांगितली नाही. आक्काने दोघांना ओवाळलं, आधी गाडीला, मग भावाला. ओवाळणीची साडी तिने न बघताच पिशवीत टाकली.

आता साडू बरंच शिकलेत. अळीव गेला, त्याजागी दुकानातलं बेताचं गवत आलं, झाडं झाडांसारखी दिसतात. स्टेशनपाशी फुगलेली फळी तेवढी मी बदलू का म्हणून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा साडूंनी इंजिन फडक्याने पुसत मान हलवली. म्हणाले, "राहू दे रे. आक्का उतरते तिथे."