सानिकाचं वाचन कोणी पुसलं

बायकोलासुद्धा हे माहीत नाही. पेणमार्गे रोज शाळेला जातो, एसटीत शेजारच्याला सगळं सांगतो — गुडघे, बदली, सून — पण हे कधी तोंडातून निघालं नाही. आज तुम्हाला सांगतोय. का? ते मलाही नीट कळत नाही.

आमची शाळा खाडीकडच्या गावात, दोन शिक्षकांची. एकच खोली, मधे कपाटं लावून दोन वर्ग केलेले. पलीकडे मनीषाबाई, माझ्या मुलीच्या वयाच्या. शाळेला मिळालेला टॅब मी कुलपात जपून ठेवला होता, तो त्यांनी सरळ पोरांच्या हातात दिला! पोरांनी वाचायचं, रेकॉर्ड करायचं, मग आपलंच आपण ऐकायचं. सुट्टीत बाई कानाला लावून ते ऐकत बसायच्या, वहीत काहीतरी टिपायच्या. मी जवळ गेलो की वही बंद. एवढं लपवण्यासारखं काय होतं त्यात?

एकदा त्या बाहेर गेल्या आणि मी टॅब उघडला. एक पोर अडखळत वाचतंय, आणि मागे — माझा आवाज! "गाढवा, मिठाची गुळणी धरलीय काय तोंडात?" दुसरं लावलं, त्यातही मी खेकसतोय. अरे बापरे! ही बया माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतेय तर. तिसरं ऐकलंच नाही. सगळं पुसून टाकलं.

पुरावा कसला, डोंबल! नंतर बाईंकडूनच कळलं, ती पोरांची जूनपासूनची वाचनं होती. मिठागरावर राबणाऱ्याची सानिका एकेका शब्दाला अडायची. बाई तिला जूनचा तिचाच आवाज ऐकवायच्या, मग आजचा. "बघ गो, किती पुढं आलीस." तेवढ्यावर ती पोर वर्गासमोर उभी राहून वाचायला लागली होती. माझं खेकसणं आपलं कपाटापलीकडून आत शिरलेलं.

सगळं गेलंय हे कळल्यावर बाईंनी मलाच विचारलं, काय झालं असेल? मी म्हणालो, "टॅब शेवटी सानिकाकडे होता ना? तिनेच दाबलं असेल काहीतरी." नाव मी घेतलं. कोणी घ्यायला लावलं नव्हतं.

"मी नाय काय केलंय, बाई," ती दोनदा म्हणाली. बाई रागावल्या नाहीत. पण त्या दिवसापासून पोरीने वाचणं सोडलं. पुस्तक पुढे केलं की मान खाली. बाई हल्ली माझ्याकडे बघतात तेव्हा वाटतं, यांना कळलंय का? मला लाज वाटायला हवी तिथे मी अजून त्यांचीच नजर तपासतोय.

तिसऱ्या दिवशी सानिका आईला घेऊन माझ्याकडे आली. मी मोठा गुरुजी ना! आई म्हणाली, "पोर चुकली, गुरुजी. पदरात घ्या." सानिका वाकून माझ्या पाया पडली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बरं. पुन्हा असं करू नकोस."