धावपट्टीखालचं वावर

धावपट्टीवर पाऊल टाकण्याआधी तो वहाणा काढायचा. खळ्यात शिरताना आपल्याकडची माणसं काढतात, तशा. पाहणाऱ्याला वाटे, विमानाचा मान राखतोय. विचारलं तर म्हणे, "मन्हं वावर शे."

आणि होतंच ते त्याचं. लढाईच्या दिवसांत गोऱ्या साहेबाला सारंगखेड्याच्या वाटेवर विमानं उतरवायची हुक्की आली. याच्या आठ बिघे काळ्या जमिनीवर मुरूम टाकून रोलर फिरवला. कागदावर लिहिलं, गरज संपली की परत. लढाई संपली, साहेब गेला. विमानं फारशी आलीच नव्हती. आपल्या सरकारने एवढंच केलं की यालाच तिथला चौकीदार नेमलं. स्वतःच्या वावरातून स्वतःची गुरं हाकलायची!

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. दर वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की तो अर्ज घेऊन हजर. शिपाई डिवचायचा, "काय बाबा, तुन्हं इमान कव्हय ई?"

"ई तव्हय पहिले तुलेच बठाडीसन धाडी दिसू."

मग माझ्याकडे वळून म्हणायचा, "भाऊसाहेब, खाले काळी माती शे अजून. दोन वरीसमा मुरूम उखली टाकसू. हातमा जोर शे तवलग दी द्या."

एकदा खरंच विमान आलं. मंत्री उतरले. चुन्याच्या रेघा, मांडव, बँड, सगळं यथासांग. मंत्र्यांनी अनवाणी चौकीदाराकडे बोट केलं. देशाच्या प्रगतीपुढे नतमस्तक झालेला शेतकरी पाहा, असं ते भाषणात म्हणाले. हार घालता घालता हा म्हणाला, "सायेब, मन्हं वावर कव्हय भेटी?" मंत्र्यांनी त्याची पाठ थोपटली आणि पुढचा हार घ्यायला मान वाकवली.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. कचेरीत येऊन मी त्याची जुनी फाइल काढली. प्रत्येक अर्जावर एकच शेरा होता : 'चौकीदार नेमलेला असल्याने धावपट्टी वापरात आहे.' तो मी त्याला वाचून दाखवला.

त्याने विचारलं, "म्हंजे मी शे म्हनीसन मन्हं वावर नही?"

दुसऱ्या दिवशी राजीनाम्यावर अंगठा उठवून गेला. पगार सुटला, लोकांच्या कापसात राबू लागला. यथावकाश उत्तर निघालं : चौकीदाराची जागा रिकामी असल्याने ताबा देण्यास जबाबदार इसम नाही, नेमणूक होईपर्यंत अर्जाचा विचार करता येत नाही. मजकूर साहेबांचा, अक्षर माझं. वळणदार अक्षराबद्दल कचेरीत माझं कौतुक होतं.

ती नेमणूक कधी झालीच नाही. तो येत राहिला, दर वर्षी थोडा अधिक वाकलेला. एका आखाजीनंतर आला नाही.

तो गेल्यावर दोन वर्षांनी हुकूम आला. धावपट्टी निकामी, जमीन आहे त्या स्थितीत वारसांना परत. कागद घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. त्याच्या म्हातारीने तो हातात घेतला नाही. कोपऱ्यातली कुदळ उचलली, मला धावपट्टीवर नेलं आणि ती माझ्या हातात दिली.

"मारी देख, भाऊसाहेब."

मारली. ठिणगी उडाली. मुरमावर पांढरा ओरखडा उठला, बस्स.

"आते तूच सांग," ती म्हणाली, "यामा मी काय पेरू?"