उलटा फर्मा आणि गोराईची तोफ

विक्रोळीहून टॅक्सी निघाली तेव्हा सोनवणेकाकांच्या मांडीवर तारेचा ब्रश होता आणि माझ्या पिशवीत, त्यांच्याच सांगण्यावरून, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. गोराईला जाणारी माणसं असं सामान नेत नाहीत, हे ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

काका आणि मी एकाच कंपनीतून निवृत्त झालो. ते टर्नर, मी ड्रॉइंग ऑफिसात. गेल्या महिन्यात जुन्या मंडळींच्या जेवणात मी गोराईला काढलेला एक फोटो दाखवला होता. खाडीच्या काठी उभी पुरलेली, होड्या बांधायला वापरली जाणारी तोफ, आणि तिच्या पायथ्याशी भोकं पाडलेला जाड लोखंडी पत्रा. सगळ्यांनी "झकास" म्हणत फोन पुढे सरकवला. काका मात्र फोन हातात घेऊन बसून राहिले, ताटातली भाजी गार झाली तरी.

जोगेश्वरीच्या अलीकडे टॅक्सी अडकली, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. त्यांचे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात किनाऱ्यावरची तोफ म्हणजे एका जागी सिमेंटात घट्ट बसवलेली. शत्रू भलतीकडून आला तर तिचा उपयोग काय? म्हणून ती उचलून वाघिणीवर (मालगाडीच्या डब्यावर) बसवायचं काम कारखान्यात आलं. वाघिणीवर जाड पत्रा, पत्र्याला बारा भोकं, भोकांत बोल्ट आणि वर तोफ. भोकांच्या खुणा करायला टिनाचा फर्मा (नमुन्याचा पत्रा) होता. तो वडिलांनी उलटा ठेवला.

"भोकं सारख्या अंतरावर असती तर खपून गेलं असतं," काका म्हणाले. "पण ती तशी नव्हती. चार पाडून झाल्यावर लक्षात आलं. मग साहेब यायच्या आत लोखंडाचे डट्टे ठोकून ती चार बुजवली, घासून सपाट केली आणि फर्मा सुलटा करून सगळी नव्याने पाडली."

ही गोष्ट वडील चाळीत अगदी रंगवून सांगायचे. काका चौदा वर्षांचे असताना वर्गात ती सांगितल्यावर कोणीतरी हसलं, म्हणालं, तोफ काय तिकीट काढून गाडीत बसते? त्याच संध्याकाळी, चाळीतल्या चार माणसांसमोर, काका वडिलांना म्हणाले, "बास करा बाबा थापा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्यांनी बास केलं. मरेपर्यंत तोफेचं नाव काढलं नाही."

म्हणजे आम्ही ती चार बुजवलेली भोकं शोधायला निघालो होतो. गोष्ट खरी निघाली तर काकांना आनंद होईल की त्रास, हे मला कळेना.

बोरिवलीच्या बाजूने लाँचने खाडी ओलांडली. दोन्ही तीरांना तिवरांची गर्द झाडी, मध्ये एक बगळा, आणि लाँचमध्ये दोन मोटारसायकली. पलीकडे रिक्षा मिळाली. बसक्या घरांच्या, अंगणातल्या क्रुसांच्या गावातून ती आम्हाला थेट काठावर घेऊन गेली.

तोफ होती. पत्रा नव्हता. तो होता त्या जागी गुडघाभर पाणी होतं.

शेजारच्या ओट्यावर एक बाई मांदेली निवडत होत्या. त्यांचं नाव फिलोमिना, हे मागाहून कळलं.

"काय पायजे तुमाना?"

"त्या तोफेखालचा पत्रा बघायचाय."

"आता? भरती हाय ना! कंची माणसं तुमी?"

"मी मुलुंडची, हे विक्रोळीचे."

"मंग बरोबर," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मांदेलीकडे वळल्या. निघण्याआधी मी हवामान पाहिलं, रस्त्यावरची गर्दी पाहिली, लाँचच्या वेळा पाहिल्या. समुद्रालाही वेळा असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पण बाई मनाने मोठ्या. दोन-तीन तास कुठे उन्हात तळमळणार, म्हणत त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं. कुरकुरीत तळलेली मांदेली आणि फुग्या (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) पुढे केल्या. तोफ आणि पत्रा त्यांच्या सासऱ्यांनी भंगारातून आणून होडीने इथे उतरवले होते. "त्या पत्र्यावर उभं ऱ्हाऊन आमी मासळी उतरवतो," त्या म्हणाल्या. मी सात फुग्या खाल्ल्या. काकांनी एकीचे तुकडे केले आणि पाण्याकडे बघत बसले.

पाणी ओसरलं तसे आम्ही चिखलात उतरलो. माझी एक चप्पल तिथेच गेली. फिलोमिनाबाईंनी कोयत्याने पत्र्यावरची कालवं खरवडली, काकांनी ब्रश मारला. बारा भोकं निघाली. बुजवलेलं एकही दिसेना.

"काका, गंज फार आहे," मी म्हणाले. म्हणजे, आता आशा सोडा.

त्यांनी ऐकलं नाही. डोळे मिटून अंगठा पत्र्यावरून फिरवत राहिले. कारखान्यात घडवलेल्या जिनसा ते असेच तपासत, आणि आम्ही ड्रॉइंगवाले हसायचो.

"बाई, इथं," ते मला म्हणाले. "बघू नका, हात लावा."

हात लावला. केसाएवढी बारीक, गोल कड लागली. मग दुसरी. मग आणखी दोन.

"डट्टे कोणीही मारले असतील," काका पुटपुटले. एवढी वर्षं वाट पाहून माणूस खऱ्यालाही घाबरतो.

आता काम माझं होतं. मी ट्रेसिंग पेपर पसरला आणि पेन्सिल आडवी धरून सगळा पत्रा घासून उमटवला. बारा मोठे गोल, आणि त्यांच्या अधेमधे चार फिकट. मग कागद उचलला, उलटा केला आणि पत्र्यावर ठेवून हळूहळू फिरवला. एका जागी चारही फिकट गोल चार उघड्या भोकांवर नेमके बसले.

"उलटाच ठेवला होता हो!" मी ओरडले.

काका त्या ओल्या पत्र्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "बाप खरं बोलत होता माझा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मलाही रडू आलं. फिलोमिनाबाईंना धड काही कळलं नव्हतं, पण त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. "रडा, रडा. हितं कोन बघतंय?"

परतीच्या टॅक्सीत कागदाची गुंडाळी काकांनी मला धरू दिली नाही. पस्तीस वर्षं मी ड्रॉइंगवरच्या चुका ब्लेडने खरवडत आले. कुठे मागमूस राहिला नाही की साहेब शाबासकी देत. एखादी चूक माणसाच्या बाजूने साक्ष देईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मीही त्याला थापाड्याच म्हटलं असतं.

विक्रोळीला दार काकांच्या सुनेने उघडलं. दोघांचे चिखलाने भरलेले पाय आणि माझी एकच चप्पल बघून ती म्हणाली, "अहो बाबा, हे काय? गेला होतात कुठे?"

काकांनी कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि टीव्ही बंद करायला सांगितला. मुलगा आतून आला.

"बसा दोघं," काका म्हणाले. "आधी माझी चूक सांगतो. मग तुमच्या आजोबांची."

मी निघायला उठले होते, पण पुन्हा खाली बसले. ही गोष्ट त्या कुटुंबात जवळजवळ सत्तर वर्षांनी सांगितली जात होती.