दुसऱ्याच्या बांधीतला फोटो

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्याच खरिपात ई-पीक पाहणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. शेतात उभं राहून धानाचा फोटो काढायचा आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये चढवायचा. फोटो नाही तर सातबाऱ्यावर धान नाही, आणि सातबाऱ्यावर धान नाही तर सरकारचा बोनस नाही. मी सवयीप्रमाणे शेवटच्या दिवसापर्यंत ढकललं आणि मग मी राहते त्या फुलचूरहून स्कूटी हाणत गाव गाठलं.

तलावाखालच्या आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभी राहिले, फोटो काढला. ॲप म्हणालं, तुम्ही निवडलेल्या गटापासून दूर आहात. दूर? घोट्यापर्यंत मी आमच्याच चिखलात होते! चारही कोपऱ्यांत जाऊन पाहिलं, मोबाइलला शिव्या घातल्या. धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, बसलेल्या आईनं मात्र मान खाली घातली.

"हे बांधी आपली नाही होय," ती म्हणाली. "कागदावर."

आजोबांनी शेजारच्या काकांच्या वडिलांशी बांधी बदलली होती. आमची होती वरच्या अंगाला, त्यांच्या घराला लागून. त्यांची इकडे तलावाखाली, आमच्या बाकीच्या शेताला लागून. दोघांची सोय झाली आणि तोंडी शब्दावर काम भागलं. तहसीलची पायरी कुणी चढलंच नाही. आमच्या भागात असे व्यवहार पुष्कळ, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

म्हणजे फोटो काढायचा तर काकांना विचारून त्यांच्या ताब्यातल्या बांधीत उभं राहायला हवं होतं. तिथंच आईचा जीव अडकला. शब्द देणारे दोघं म्हातारे गेले, आता बाबाही गेले. आपण होऊन विषय काढला आणि काका म्हणाले, चला, आपापली घेऊ, तर? वरच्या बांधीला पावसाशिवाय पाणी नाही, आणि घरात वर्षभर शिजतो तो तलावाखालचाच धान.

"जाऊ दे तो बोनस," ती म्हणाली.

मी चिडले. हक्काचं सोडून द्यायचं म्हणजे काय! पण खरं सांगायचं तर भीती मलाही वाटत होती. घाबरले की मी आधी चिडते.

शेवटी तिला ओढतच नेलं. काका वरच्या बांधीच्या धुऱ्यावर मोबाइल घेऊन बसलेच होते.

"आल्या का वयनी? सकारपासून वाट पाहून रायलो ना."

"काऊन?" आईनं विचारलं.

"काऊन म्हंजे? दरसाल दादा इकडं येऊन फोटो काढे, मी तिकडं जाऊन. औंदा तुमाले न विचारता तुमच्या बांधीत कसा जाऊ?" मग माझ्याकडे पाहत जरा चाचरले. "भेवबी वाटून रायला होता. पोरगी शिकलेली, कागद पाहून बांधी वापस मांगते का काय."

आई हसली. बाबा गेल्यावर ती अशी मोकळी हसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. मला तर इतकं हायसं वाटलं की तिथंच चिखलात बसकण मारावीशी वाटली. त्यांच्या धानात उभी राहून मी फोटो चढवला, मग ते आमच्या धानात आले. दोन्ही फोटो एका झटक्यात चढले.

बोनस खात्यात यायला उन्हाळा उजाडला. आईचा फोन आला, तेव्हा मी लगेच शहाणपणा शिकवला. आता तहसीलला जाऊ, अदलाबदल रीतसर नोंदवून घेऊ, पुन्हा ही झंझट नको.

"कायले?" आई म्हणाली. "तुहे काका बोनस आला सांगाले आले, चाय पिऊन रायले. कागद झाला का मंग माह्या दारात कोन येते?"