उघडा पासवर्ड

विजय नगरच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात दीदी माझ्या शेजारी बसत. पासवर्ड टाकताना ओढणीने कीबोर्ड झाकत, आम्ही हसायचो.

एका दुपारी त्यांना दिसलं, की एका दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची फाइल कोणीतरी चुकून इंटरनेटवर उघडी ठेवलीय आणि आत पेशंटच्या रिपोर्टचा पासवर्ड जसाच्या तसा आहे. त्यांनी लगेच सॉफ्टवेअरच बंद केलं.

आमच्या कंपनीचे मालक ओरडले, "मॅडम, काहून बंद केलं? पेशंट खोळंबून राहिले!"

"खोळंबू द्या जी. लोकांचे आजार उघडे पडून राहिले."

त्यांनी पासवर्ड बदलला, फाइलमध्ये तो कोणाला वाचता येणार नाही असा कुलूपबंद केला आणि मगच सॉफ्टवेअर सुरू केलं. मग ती फाइल कोणी उघडली होती का, ते त्या शोधू लागल्या.

"दीदी, कोणी पाहिलं असेल?" मी विचारलं.

"तेच कळत नाही. माझ्या बहिणीचे रिपोर्टही त्यातच आहेत. तिच्या सासरी अजून आजाराचं सांगितलं नाही."